मास्टर वेलण्याचा रस्ता

फक्कीची पांढरी रेघ आमच्या गुऱ्हाळातल्या चिपाडाच्या गंजीजवळनं सरळ चुलवाणाच्या तोंडापर्यंत आली, तवा मी पहिल्या काहिलीची मळी काढत होते. धुकं असं की दहा हातांवरचा चरक दिसत नव्हता, नुसता घरघरताना ऐकू येत होता. त्या धुक्यातनं एक माणूस वाकून वाकून फक्की टाकत आला आणि माझ्या पायाशी थांबला. त्याच्या मागनं समोरच्या नव्या वसाहतीचा, चकचकीत जाकीट घातलेला मॅनेजर आला.

"ये क्या है जी?" झारा हातात तसाच धरून मी विचारलं.

"गेट का पिलर इधर आएगा." त्यानं चुलवाणाकडं बोट केलं. "ये भट्टी हटानी पड़ेगी. बीस तारीख से पहले."

त्या दिवशी नऊ जानेवारी होती. आमचा हंगाम मार्चपर्यंत चालतो. चुलवाण म्हणजे काय चहाची शेगडी हाय, उचलून बाजूला ठेवायला? पुरुषभर खोल खड्डा, आतनं भाजून भाजून दगडासारखी झालेली माती, वर आठ हातांची काहील. ते मोडलं की हंगाम गेला, आणि हंगाम गेला की नऊ माणसांचं काम गेलं. मी हे सगळं त्याला सांगणार होते, तेवढ्यात तो बुटासकट आमच्या वाफ्यात उतरला. तयार गूळ ओतायची ती जागा. आम्ही पाय धुतल्याबिगार तिथं अनवाणीसुद्धा जात न्हाई.

"जूता निकाल!" मी ओरडले.

"मिट्टी ही तो है, बीबी," तो हसला.

माझं डोकंच फिरलं. पण माझ्या आधी गोपीनाथभावजी चुलवाणाच्या खड्ड्यातनं वर आले. आमच्या मालकांचे चुलतभाऊ, जाळ घालायचं काम त्यांचं. तोंड काळं, डोळे लाल, हातात जळतं चिपाड. मॅनेजर वाफ्यातनं असा उडी मारून बाहेर पडला की फक्कीवाल्यालाच धडकला. भावजींनी वाफ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वैनी, धुवायला लागंल."

"धुवा. गरम पाण्यानं धुवा."

आम्ही कोल्हापूरकडचे, पन्हाळ्याच्या पायथ्याचे. सत्तावीस वर्षांमागं आमचे मालक गूळ करायला शिकवायचं म्हणून एका हंगामापुरते इकडं पंजाबात, मुल्लानपूरला आले आणि राहिलेच. पंचायतीची जागा भाड्यानं घेतली, चरक बसवला. इकडं गुऱ्हाळाला वेलणा म्हणतात. तवा हायवेच्या कडेनं चाळीस वेलणे होते आणि चाळीसही जण गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रसात औषधाची पूड टाकायचे. मालक स्कूटरवर भेंडीच्या पाल्याचा भारा बांधून एकेकाच्या दारात जायचे. भेंडीच्या चिकानं मळी कशी वर येते ते दाखवायचे. लोक हसायचे. म्हणायचे, "मराठे, भिंडी की सब्जी बना." तीन वर्षं हसले, चौथ्या वर्षी शिकवा म्हणून आले. मग त्यांना मास्टरजी म्हणायला लागले, वेलणेवाल्यांच्या युनियनचा प्रधान म्हणजे अध्यक्ष केलं. दीड वर्षामागं, पावसाळ्यात, चरकाला तेल देता देता छातीत कळ आली आणि ते गेले. तवापासनं काहिलीवर मी उभी राहते.

दुपारी निधी शेजारच्या खरड गावातल्या कॉलेजातनं आली. माझी पोरगी, एकवीस वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलायचं म्हणलं की तिची जीभ हिंदीकडं वळते. तिच्या हातात सोनेरी कडांचं जाड कार्ड होतं. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत वाटलं होतं, आमचं म्हणून तिच्या हातात दिलं.

"मम्मी, सुन. सरदार गुरमेलसिंग बैंस मार्ग, नामकरण समारोह, बीस जनवरी, सुबह ग्यारह बजे..."

"हे कोण ठरवलं?"

"हरकीरत बैंस ने. अपने पापा का नाम दे रहा है. तीन किलोमीटर. और बड़ा वाला गेट."

पुढचं वाचायच्या आत भावजींची हाक आली, "वैनी, उतू चाललंय!" मी कार्ड तिथंच टाकून पळाले.

गुरमेलसिंग माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. वीटभट्ट्या होत्या, भाताची गिरणी होती, इथल्या व्यापाऱ्यांत मोठं नाव. आमचं चुलवाण बांधलं ते त्याच्याच विटांनी. पोरगा मात्र शेतं घेऊन फ्लॅट बांधतो. त्याच्या वसाहतीचं तोंड आमच्या अगदी समोर. त्याला बापाच्या नावाचा रस्ता पायजे होता, का वसाहतीला दगडी गेट पायजे होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

निधीला घेऊन मी तडक सरपंचाकडं गेले. परमिंदर कौर, माझ्याच वयाची, ट्रॅक्टर स्वतः चालवते. गोठ्यात म्हशीला पेंड घालत होती.

"भाभी, मैं क्या करूँ?" ती माझ्याशी हिंदी-पंजाबीची खिचडी बोलते. "नाम एक ही आया है. पंद्रह दिन में कोई ऐतराज़ नहीं आया तो पक्का. कल आखरी दिन है."

"फिर मेरी भट्टी?"

"एक रास्ता है. दूसरा नाम दे दो. दो नाम हुए तो अफसर मौका देखने आएगी, सुनवाई होगी. और मास्टरजी का नाम लगा तो गेट-शेट कुछ नहीं. दो पाइप, एक बोर्ड. भट्टी वहीं."

मला हसूच आलं. आमचे मालक! ज्यांनी पंचवीस वर्षांत गुऱ्हाळावर एक पाटी लावली न्हाई. गुळाला चव असली तर पाटी कशाला, म्हणायचे. त्यांचं नाव हायवेला?

"लोग हँसेंगे," मी म्हणाले.

परमिंदरनं पेंडेचे हात झटकले. "पहले भी हँसे थे, भाभी. भिंडी पे."

मी अर्जावर अंगठा द्यायला निघाले, तर निधीनं हात धरला. "सही कर, मम्मी. तुझे आती है." केली सही. वाकडी आली, पण केली.

पण नुसत्या अर्जानं काय होतंय? वेलणेवाल्यांच्या सह्या पायजे होत्या. पुढचे सात दिवस मी पहाटेपासनं तीन काहिली उतरवायची आणि दुपारी निधीच्या मागं स्कूटरवर बसायची. चरकानं आधीच खांदे आंबलेले, झाऱ्याच्या दांड्यानं तळहाताला फोड आलेला, वरनं जानेवारीचं वारं. शालीतनं वारं आत शिरायचं आणि दात वाजायचे. एकेका वेलण्यावर उतरायचं, राम राम, सत श्री अकाल करायचं, आणि स्वतःच्या नवऱ्याचं कौतुक स्वतःच्या तोंडानं सांगायचं. असली लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

बरेच जण बघताक्षणी सही करायचे. एक म्हातारा तर रडला. पण नऊ-दहा जण मागं सरले. त्यांच्या विटा, त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या, सगळं बैंसच्या दारात. सातव्या दिवशी शेवटच्या वेलण्यावर खुद्द हरकीरतच उसाचा रस पीत उभा होता. पांढरी गाडी, पांढरे बूट.

"आंटीजी," तो अगदी गोड बोलला. "आप बुरा मत मानना. सड़क का नाम बिज़नेसमैन के नाम पे होता है. हलवाई के नाम पे नहीं."

वेलणेवाला खाली बघायला लागला. निधीचे कान लाल झाले. असं होतं बगा माझं, एरवी तोंड चालतंय फडफड, आणि नेमकं गरजेला जीभ टाळ्याला चिकटते. आम्ही सही न घेताच परत फिरलो. घरी आल्यावर मी चुलीपुढं बसून रडले. दुःखानं न्हाई, रागानं रडले. हलवाई असला म्हणून काय झालं? चाळीस घरं ज्याच्या हातानं उभी राहिली, तो कोण मग?

"जेवा, वैनी," भावजी म्हणाले. "उद्या साहेब यायचाय. उपाशी माणसाला भांडता येत न्हाई."

"साहेब न्हाई, बाई आहे म्हणं."

"मग तर दोन भाकरी जास्त खावा."

सतरा तारखेला मौका होता, म्हणजे जागेची पाहणी, अकरा वाजता. मी ठरवलं होतं, काहील बंद ठेवायची, चांगलं लुगडं नेसायचं. पण सोळाच्या संध्याकाळी जागीरसिंग नावाच्या शेतकऱ्याचा ऊस येऊन पडला. तोडलेला ऊस थांबतोय होय? वजन घटतंय, रस आंबतोय. सकाळी सहाला चरक चालू केला आणि दुसरी काहील बरोबर पावणेअकराला उकळीला आली.

आधी हरकीरत आला. चार गाड्या, वीसेक माणसं, मॅनेजरच्या हातात गेटाचं रंगीत चित्र. परमिंदर आली, तिच्या मागनं तीस-बत्तीस वेलणेवाले आले आणि चिपाडाच्या गंजीला टेकून उभे राहिले. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. धुक्यात बाईंची गाडी कुठं दिसंना. अखेर साडेअकराला लाल पाटीची गाडी थेट आमच्या दारात येऊन उभी राहिली. अफसरीण बाई चाळिशीच्या, पायांत साधे बूट, हातात फाईल.

"शुरू करें?" त्या म्हणाल्या.

आणि नेमकं तेवढ्यात काहिलीतला बुडबुडा बारीक झाला. मी थंड पाण्यात थेंब सोडला, बोटानं चाचपला. गोळी बसायला लागली होती.

"मॅडम, पाँच मिनट," मी म्हणाले. "कानून रुकता है, गुड़ नहीं रुकता."

हरकीरत हसला. "देखा, मैडम? ये हाल है."

बाई हसल्या न्हाईत. त्या पुढं आल्या आणि वाफेत उभ्या राहिल्या. "आप काम कीजिए."

आता मला कुणाचं भ्या? भावजींनी जाळ ओढला. सहा जणांनी दांडे घातले. "हं, उचला! हळू! डावीकडं!" काहील वर आली, वाफ्याच्या तोंडाशी वाकली आणि सोन्यासारखा पाक सळसळत खाली उतरला. वास असा सुटला की बैंसची माणसंसुद्धा पुढं सरकली. मी फावडं घेऊन घोटत राहिले. घामानं पदर भिजला, कपाळावरनं काजळी ओघळली. गूळ घट्ट झाल्यावर मी फावडं ठेवलं, हात धुतले आणि पानावर गरम खडा बाईंना दिला.

त्यांनी खाल्ला. मग फाईल उघडून म्हणाल्या, "अब बताइए."

आधी मॅनेजरनं वाचून दाखवलं. गुरमेलसिंग यांनी किती जणांना रोजगार दिला, किती दान दिलं. खरंच होतं ते, मी मान हलवत होते. मग परमिंदर बोलली, सह्यांचे कागद दिले. एकतीस सह्या.

हरकीरत पुढं झाला. "मैडम, इज़्ज़त सबकी है. पर ये बंदा बाहर का था. महाराष्ट्र का. इस नाम से यहाँ कोई सड़क पहचानेगा? किसी को पता भी है?"

हे खरंच मलासुद्धा ठाऊक नव्हतं. एकतीस माणसं सही करतात, पण रस्त्यावरनं जाणाऱ्याला काय पडलंय?

बाईंनी फाईल मिटली आणि पर्समधनं काहीतरी काढलं. सोनेरी कडांचं कार्ड. "हरकीरतजी, ये आपने मुझे भेजा है ना?"

"जी, जी मैडम. आप ही तो चीफ गेस्ट..."

"मेरा ड्राइवर हरियाणा का है, पहली बार आया. जीपीएस धुंध में घुमाता रहा. फिर मैंने आपके कार्ड से पता पढ़ा." त्यांनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "समारोह स्थल: मास्टर वेलणे के सामने."

गंजीला टेकलेले वेलणेवाले सरळ उभे राहिले.

"ड्राइवर ने रास्ते में तीन लोगों से पूछा," बाई म्हणाल्या. "तीनों ने हाथ से दिखाया, इधर. एक तो साइकिल वाला बच्चा था." त्या हरकीरतकडं वळल्या. "आपके पिताजी के समारोह का पता भी आपको मास्टरजी के नाम से लिखना पड़ा. दूसरा कोई पता था?"

हरकीरतनं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजर कार्डाकडं बघायला लागला. त्या कार्डाच्या दोन हजार प्रती वाटल्या होत्या. दुकानांत, बँकेत, गुरुद्वारात, आमच्यासुद्धा घरात. सगळ्यांनी वाचलं आणि एकालाही त्यात वावगं दिसलं न्हाई. दिसणार कसं? छापणाऱ्यालासुद्धा वाटलं असंल, जागेचं नावच हाय ते.

पहिल्यांदा गंजीमागनं एक म्हातारा हसला. मग दुसरा. मग एकतीसच्या एकतीस. परमिंदरनं तर मांडीवर थाप मारली. "ओए, कार्ड तां आप ही छपवाया!" बैंसची माणसंसुद्धा तोंडावर रुमाल धरून उभी. आणि खोटं कशाला सांगू, हरकीरतच्या ओठाचा एक कोपरा हलला. शेवटी तोही याच मातीतला. लहानपणी बापाचं बोट धरून आमच्याकडं गरम गूळ खायला यायचा.

"आंटीजी," तो म्हणाला. मी पानावर गुळाचा खडा घेतला आणि त्याच्या हातात दिला. "खा. हलवाई का है."

त्यानं खाल्ला. मान खाली घालून खाल्ला, पण बोटंसुद्धा चाटली. गेटाचं चित्र मॅनेजरनं गुंडाळून गाडीत टाकलं.

आठ दिवसांनी हुकूम आला. तीन किलोमीटर, मुल्लानपूरच्या वळणापासनं कालव्याच्या पुलापर्यंत. दोन लोखंडी पाइप, एक निळी पाटी. चुलवाण जिथल्या तिथं. परमिंदर कागद नाचवत आली. भावजींनी तो काळ्या हातांनी धरला, तर एका कोपऱ्याला पाचही बोटं उमटली. तसाच फ्रेम केलाय आम्ही.

पाटी लावायच्या दिवशी ऊन पडलं होतं, पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. चाळीस वेलणे त्या दिवशी बंद. बायका डोक्यावर रंगीत चुन्नी घेऊन आलेल्या, ढोलवाला आलेला. ज्या नऊ-दहा जणांनी सही केली नव्हती ते सगळ्यांत पुढं उभे राहिले होते, असं असतंय माणसाचं. हरकीरत मागं उभा होता. त्यानं स्वतःच्या खर्चानं खुर्च्या पाठवल्या होत्या.

अफसरीण बाईंनी दोरी ओढली. पडदा सरकला. पंजाबी, हिंदी आणि इंग्रजी, तीन ओळी. ढोल वाजायला लागला. मग बाईंनी माइक माझ्या हातात दिला.

"आप कुछ बोलिए. और नाम आप ही पहली बार बोलिए."

सगळे माझ्याकडं बघत होते. निधी कानाशी येऊन कुजबुजली, "मम्मी, बस पापा का नाम बोल दे."

बस काय बस? तीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव असं सरळ कधी उच्चारलं न्हाई. अर्जावरसुद्धा निधीनं लिहिलं होतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेती ते उखाण्यात, हळदीकुंकवाला, चार बायका मागं लागल्यावर. आणि ते गेल्यापासनं तेही बंद. आमच्या गावाला विधवा बाईनं उखाणा घेतला तर बायका तोंडात बोट घालतील. दीड वर्ष मी ते नाव नुसतं गिळत होते.

मी भावजींकडं बघितलं. घरचं मोठं माणूस तेवढंच. त्यांना कळलं माझ्या मनात काय चाललंय ते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान हलवली.

"घ्या, वैनी," ते मोठ्यानं म्हणाले. "दणक्यात घ्या."

मी पदर डोक्यावर घेतला. माइक तोंडाशी धरला. आवाज असा फुटला की कालव्यापर्यंत गेला असंल.

"चुलवाणात घातलं चिपाड, चिपाडाला लावली काडी,
विश्वनाथरावांच्या नावावरनं पळंल पंजाबची गाडी!"

कुणाला एक अक्षर कळलं न्हाई, फक्त नाव कळलं. आणि नाव कळल्याबरोबर जो काय आवाज उठला! ढोल, शिट्ट्या, "मास्टरजी ज़िंदाबाद," परमिंदरनं मला कमरेला धरून गरगर फिरवलं. निधी रडत होती. "आई, परत एकदा म्हण," ती म्हणाली, मराठीत. मी परत म्हणाले. मग बायकांनी मागितलं म्हणून तिसऱ्यांदा. चौथ्यांदा कुणी मागितलं नव्हतं, तरी म्हणाले.

विधवेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतंय, हे भावजी सोडले तर तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी मी घेतलंच असतं.